छोट्या साहेबांची झोप

हात वर करायला माणसाला अर्धा सेकंद पुरतो. तो खाली घ्यायला किती दिवस लागतील, हे मात्र त्या वेळी कुणी सांगत नाही.

नोंदीवाल्यांनी हात वर केला तो एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. (वेळ त्यांच्याच डायरीतली आहे, तेव्हा ती चुकण्याचा प्रश्न येत नाही.) ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी एकवीस वर्षं काढली होती. आलेल्या पत्राची ते नोंद करत, पत्र आणणाऱ्याची करत, आणि आणणारा शिंकला तर शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहीत.

त्या दिवशी साहेब केबिनबाहेर आले आणि म्हणाले, "उद्यापासून बारा दिवस मी मुलीकडे चाललोय. आमच्या सरड्याला कोण सांभाळेल?"

सगळं ऑफिस फायलींत तोंड खुपसून बसलं. साहेबांनी घरी शॅमेलिऑन जातीचा, रंग बदलणारा सरडा पाळलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला साहेबांच्या पाठीमागे सगळे 'छोटे साहेब' म्हणत. एक डोळा एकीकडे आणि दुसरा भलतीकडे ठेवण्याची कला दोघांनाही येत होती, आणि रंग कधी बदलेल याचा नेम दोघांचाही नव्हता. समोरच्या टेबलावरच्या डुलकीवाल्यांनी तर सरळ डोळे मिटून घेतले. (जेवणानंतर हातात पेन उभं धरून झोपण्याची विद्या त्यांना साधली होती. त्या दिवशी त्यांनी ती जेवणाआधीच वापरली.)

आता गोम अशी, की हेडक्लार्कची खुर्ची दोन महिने रिकामी होती. नोंदीवाल्यांनी एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांचा हात वर गेला.

"विशेष काही नाही," साहेब खूश होऊन म्हणाले. "दिवसा दिवा, संध्याकाळी सातनंतर अंधार. पानांवर पाण्याचे थेंब, सकाळी दोन किडे. आणि त्याची झोप नीट होतेय ना, तेवढं बघत जा."

शेवटचं वाक्य नोंदीवाल्यांनी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. घात झाला तो त्या दोन रेघांनी.

बुधवारी पिंजरा घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"घरात पाल निघाली तर तुम्ही स्टुलावर चढता."

"ती पाल. हे साहेबांचे आहेत."

"हे? आणि या डब्यात काय कुरकुरतंय?"

"त्यांचं जेवण."

"माझ्या सख्ख्या भावाला तुम्ही अजून 'तो' म्हणता," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

छोटे साहेब फांदीवर बसले होते. वीतभर लांब, पोपटी रंग, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की अर्ज आलाय पण सही होणार नाही. नोंदीवाल्यांना ते पाहून एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं. त्यांनी दोनशे पानी कोरं रजिस्टर काढलं, पट्टीने रकाने आखले. वेळ, डावा डोळा, उजवा डोळा, रंग, फांदी क्रमांक, शेरा. डोळ्यांना दोन रकाने अशासाठी, की दोन्ही स्वतंत्रपणे काम करत आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाणं नियमात बसलं नसतं. साठवलेली रजा काढली. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावला.

"रात्रीसुद्धा?" बायकोने विचारलं.

"अगं, झोप रात्रीच असते. रात्री नाही बघायचं तर काय दिवसा बघायचं?"

तिने आपली उशी उचलली आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

चौथ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सकाळी सातला दिवा लावला तर छोटे साहेब पिंजऱ्याच्या तळाशी. अंग कोळशासारखं काळं, दोन्ही डोळे मिटलेले. किडा नाकासमोरून चालत गेला तरी ढिम्म. नोंदीवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधी साहेब आले, मग ती खुर्ची आली, आणि मग खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं दिसलं. पण खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांनी खाली वाकून तो इवला, पिळवटल्यासारखा जीव पाहिला. तीन रात्री ज्याच्याशेजारी जागून काढल्या, तो आता आपल्या हातून जातोय, असं त्यांना वाटलं.

त्यांनी फोन उचलला.

"जनावरांचा दवाखाना? अर्जंट आहे."

"कुत्रा की मांजर?"

"सरडा."

"मारायचाय का? ते काम आम्ही करत नाही."

दुसरा फोन गुराढोरांच्या डॉक्टरांना. त्यांनी वजन विचारलं. "एकशे चाळीस," नोंदीवाले म्हणाले. "लहान आहे, पण बघतो," डॉक्टर म्हणाले. "एकशे चाळीस ग्रॅम," नोंदीवाल्यांनी खुलासा केला. डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांची सगळ्यात बारीक सुई आत शिरली, तर पेशंटमध्ये आणि सुईमध्ये पेशंट कोणता हे ओळखू येणार नाही.

तिसरा नंबर 'निराळ्या प्राण्यांचे चोवीस तास तातडीचे रुग्णालय' असा होता. तिथे एक रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात बोलू लागली. "पेशंट साप असल्यास एक दाबा. पक्षी असल्यास दोन दाबा. पेशंट तुम्हाला चावला असल्यास तीन दाबा. पेशंट घरात सापडत नसल्यास चार दाबा आणि पाय वर घेऊन बसा." सरडा नवव्या क्रमांकावर होता. नोंदीवाल्यांनी आठही पर्याय शेवटपर्यंत ऐकले. मधेच बटण दाबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बायकोने लोकर ठेवायची टोपली रिकामी केली, त्यात मऊ टॉवेल घातला, आणि चपला घातल्या. टॅक्सीत टोपली तिच्याच मांडीवर होती. नोंदीवाल्यांच्या मांडीवर रजिस्टर होतं.

रुग्णालयाच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "इमर्जन्सी आहे का?"

"आहे. फार."

"मग बसा. इथे सगळ्यांचीच आहे."

बाकावर एक आजोबा मांडीवर कासव घेऊन बसले होते. ते मंगळवारपासून हललं नव्हतं. (आजोबांनाही फारशी घाई दिसत नव्हती.) त्यांच्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होते, आणि त्यांच्या हातातला उशीचा अभ्रा आपोआप हलत होता.

"अजगर आहे," ते म्हणाले. "मोजा गिळलाय."

"एकच?" बायकोने विचारलं.

"दुसरा पायात आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पाय पुढे करून दाखवला.

फॉर्म चार पानी होता. तो पाहून मात्र नोंदीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते सरसावून बसले. पेशंटचे नाव: छोटे साहेब. जन्मतारीख: माहिती उपलब्ध नाही, सबब रिकामी. पेशंटशी नाते: यावर त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'हाताखालचा'.

"अहो, असं काय लिहिता?"

"मालक नाही, नातेवाईक नाही. मग खरं काय ते लिहायला नको?"

शेवटी आत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई तरतरीत होत्या, बाहीवर कुठल्यातरी पक्ष्याचं पीस चिकटलेलं. त्यांनी छोट्या साहेबांना तळहातावर घेतलं, तोंडात डोकावून पाहिलं, पोट चाचपलं, पायांची पकड तपासली.

"पाणी कसं देता?"

"पानांवर. दिवसातून चारदा, पानांच्या क्रमांकासह."

"उजेड?"

"सात ते सात."

"खाणं?"

"दोन दिवस दोन किडे. काल एक. आज नकार."

"सगळं तर बरोबर करताय," डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठे लागलेलंही नाही, जंतुसंसर्गही दिसत नाही. पण जनावर पार थकलंय. तीन दिवसांत असं झालं तरी काय?"

याच प्रश्नाची नोंदीवाले एकवीस वर्षं वाट बघत होते. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि उघडून पुढे सरकवलं.

डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचू लागल्या. "'बुधवार, रात्री साडेदहा. टॉर्च लावला. डावा डोळा मिटलेला, उजवा डोळा मिटलेला. रंग फिकट. झोप असावी. खात्रीसाठी फांदी हलवली. दोन्ही डोळे उघडले. म्हणजे झोपच होती, हे सिद्ध.'" त्या थांबल्या. "'रात्री अकरा. टॉर्च लावला. फांदी हलवली. झोपच होती, हे सिद्ध.' 'साडेअकरा. झोपच होती, हे सिद्ध.'"

त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"हे एकूण किती वेळा?"

"रात्रीच्या चोवीस नोंदी, तीन रात्री. बहात्तर व्हायला हव्या होत्या, एकाहत्तर आहेत. शुक्रवारी पहाटे एकदा माझा डोळा लागला. शेऱ्यात दिलगिरी व्यक्त केली आहे."

"म्हणजे तीन रात्रींत हा सलग तासभर झोपलाय, तो फक्त तुम्ही झोपलात तेव्हा."

नोंदीवाल्यांनी खाली मान घालून हिशेब पडताळला. हिशेब बरोबर होता.

"त्याला काही औषध?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"आहे. पण ते तुम्हाला घ्यायचंय." डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहायला घेतलं. "पाणी मी आत्ता पाजते. घरी गेल्यावर पिंजऱ्यावर चादर टाका. संध्याकाळी सात ते सकाळी सात कुणी तिकडे बघायचं नाही. टॉर्च नाही, फांदी नाही. तीन रात्री त्याने काढल्या तर वाचला."

"आणि बघितलं नाही, तर तो झोपलाय हे कळणार कसं?"

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली. दोघींमध्ये तेवढ्यात काय ठरायचं ते ठरलं.

कागदावर स्वच्छ अक्षरात होतं: 'निदान: झोप न होणे. कारण: देखरेख. उपचार: देखरेख बंद.'

घरी आल्यावर बायकोने पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, टॉर्च आणि रजिस्टर आपल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, नोंदीवाल्यांची रजिस्टरापर्यंत, आणि रजिस्टर तर कुलपात. ते येरझाऱ्या घालू लागले.

"बसा की जरा."

"त्याची झोप होत असेल का गं?"

बायको भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. "बावीस वर्षं झाली लग्नाला. माझी झोप झाली का, असं एकदा तरी विचारलंत?"

नोंदीवाल्यांनी सवयीने खिशातली डायरी काढली, चाळली, आणि परत ठेवली. त्यात तसा रकानाच नव्हता.

तीन रात्री त्यांनी पलंगावर छताकडे बघत काढल्या. मंगळवारी सकाळी बायकोने चादर उचलली आणि हाक मारली. छोटे साहेब सगळ्यात वरच्या फांदीवर बसले होते, कोवळ्या पानासारखे हिरवेगार. नाकासमोरून किडा चालला होता. जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली ते दिसलंच नाही. किडा मात्र नव्हता. मग एक डोळा बायकोकडे वळला आणि तिथेच राहिला. दुसरा नोंदीवाल्यांकडे आला, आणि तेवढ्या बाजूवर एक काळसर पट्टा उमटला. नोंदीवाले दोन पावलं मागे सरले. त्यांचे डोळे मात्र भरून आले होते. (ही नोंद त्यांच्या डायरीत नाही. ती बायकोने सांगितली.)

बाराव्या दिवशी संध्याकाळी साहेब सरड्याला न्यायला आले. "वा, तब्येत सुधारली की याची," ते म्हणाले. इथे नोंदीवाल्यांनी दार लावून घेतलं असतं तर आज गोष्ट वेगळी असती. पण कपाटातून रजिस्टर सुटलं होतं, आणि त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं. शेवटी रुग्णालयाचा कागद, टॅग लावून.

"तो कागद कशाला?" बायको कानाशी पुटपुटली.

"अगं, त्यावर अनुक्रमांक पडलाय."

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर पुढ्यात होतं.

"सगळं वाचलं," साहेब म्हणाले. "इतकी काळजी मीसुद्धा कधी घेतली नाही."

नोंदीवाल्यांची छाती दोन इंच फुगली.

"म्हणूनच तो पाच वर्षं जगला," साहेब म्हणाले. "हेडक्लार्कच्या हाताखाली नऊ माणसं असतात हो. त्यांना बायकापोरं आहेत."

हेडक्लार्कची खुर्ची डुलकीवाल्यांना मिळाली. त्यांच्या हाताखाली कुणाची झोपमोड होणार नाही, असं साहेबांचं म्हणणं पडलं. नोंदीवाल्यांकडे तळमजल्यावरचं जुनं दफ्तर आलं. "तिथे हवं तितकं बघा," साहेब रजिस्टर परत देत म्हणाले. "तिथलं काही दगावत नाही."

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नोंदीवाले आडवे झाले. पंधरा दिवसांचा शीण, वर तो अपमान. डोकं उशीला टेकलं आणि त्यांना गाढ झोप लागली. कसं कोण जाणे, एकदम तोंडावर प्रखर उजेड पडला आणि पलंग गदागदा हलला.

"काय झालं? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," बायको शांतपणे म्हणाली. "तुमची झोप लागलीय का, तेवढं बघत होते."

तिने टॉर्च बंद केला, रजिस्टर मांडीवर ओढलं आणि लिहिलं: 'दुपारी अडीच. फांदी हलवली. डावा डोळा आधी उघडला, उजवा मागाहून. रंग काळपट. झोपच होती, हे सिद्ध.'

मग तिने घड्याळाला तीनचा गजर लावला.