गच्चीवर गावोगावची माती चढविली, त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. आधी भूमीस नमन, मग भूमीवर चालणारांस, आणि शेवटी जे तिजखाली निजले त्यांस. शके १९४५, शोभननाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एका थोर शहराच्या पोटात एक लहानसे राज्य नांदत होते. राज्य म्हणजे एकच इमारत, चार मजली, लिफ्ट नाही, वय पन्नाशीपार, आणि रयत म्हणजे पंधरासोळा बिऱ्हाडे. तेथील अधिपती चेअरमन विश्वासराव धायगुडे, माणदेशचे, बँकेतून निवृत्त, आवाज मोठा, मन वाईट नव्हे. त्यांनी एके दिवशी पालकाची जुडी घेतली आणि विकणाराच्या तोंडून निघून गेले की भाजी रुळांकाठची, नाल्याच्या पाण्यावरची, आणि राजे घरी येऊन अन्नास शिवले नाहीत. मग सभा भरविली आणि बोलिले, "आपण सगळी शेतकऱ्यांची पोरं, अन् गटारातलं खातोय. वर एवढी गच्ची मोकळी पडलीय. तिथं आपलं शेत करू. आपली भाजी आपण पिकवू." मसलत सर्वांस मानवली. मग माती कोठून आणावी हा विचार पडला, तेव्हा दुसरे मजल्यावरील मधुसूदन खानविलकर, कोकणचे सरदार, उभे राहून म्हणाले, "विकत कशाला घ्यायची? सुट्टीत सगळे गावी जाणारच आहोत. येताना प्रत्येकानं आपापल्या गावची एक गोणी आणायची. शेत कसं, सगळ्यांचं वाटेल." हे भाषण इतके गोड वाटले की टाळ्या पडल्या. लिहिणारास पुसाल तर राज्य त्या टाळ्यांतच बुडाले.

मग वैशाखात फौजा गावोगाव गेल्या आणि ज्येष्ठ लागता परतल्या, आणि कोणी एस.टी.तून, कोणी मोटारीच्या डिकीतून, माती आणिली, आणि चार जिने चढवून गच्चीवर वाफे रचिले. माणदेशची बरड, कोकणची तांबडी, वऱ्हाडची काळी, ज्याची त्याची वेगळी, आणि प्रत्येक वाफ्यास गावाच्या नावाची पाटी. आणि पीक काय वर्णावे! काटेरी वांगी, गवार, मेथी, काकडी ऐशी कोवळी की पोरे मीठ न लावता खात. शेजारील राज्यांचे सेक्रेटरी पाहावयास आले आणि तोंडे बारीक करून गेले. एका वर्तमानपत्राने छबी छापिली, ती धायगुडे राजियांनी जिन्यात काचेत लाविली. इतके सुख पाहून माणसाने तेथेच थांबावे, परंतु माणूस थांबत नसतो. दुसरे वैशाखी खानविलकरांनी एका गोणीच्या सहा आणिल्या, कारण तांबड्या मातीतली वांगी सर्वांत सरस आली होती, आणि ते पाहून तिसरे मजल्यावरील देवाजी वानखडे, वऱ्हाडचे, मितभाषी गृहस्थ, यांनी टेम्पो भरून काळी माती आणिली, आणि मग राजेच मागे कसे राहावे, तर राजियांनी त्याहूनही जास्त आणविली. वाफे गुडघाभर होते ते कमरेइतके जाहाले. गच्चीवर चालावयास बोळ तेवढा राहिला.

आता चौथे मजल्याचे वर्तमान. त्या गच्चीच्या बरोबर खाली, पश्चिमेच्या अंगास, कुमुदबाई तळपदे राहात. त्यांचे यजमान शरच्चंद्र, ज्यांस सर्व भाऊ म्हणत, यांस अर्धांग होऊन सहा वर्षे जाहाली होती, आणि ते आतील खोलीत पलंगावर पडून असत, आणि त्यांस खाली न्यावयाचे तर चार गडी आणि एक खुर्ची लागे, म्हणून नेणे होत नसे. दोघेही जन्माने याच शहरचे, त्यांचे बाप याच शहरचे, बापांचे बापही. त्यांस गाव म्हणून नव्हतेच. सबब त्यांचा वाफा नव्हता आणि वाफा नाही म्हणून वाटा नव्हता. तरी राजे दयाळू, आठवड्यास एक जुडी मेथी चौथ्या मजल्यावर पाठवीत. कुमुदबाई ती बारीक चिरून, मुगाच्या डाळीत मऊ शिजवून, चमच्याने भाऊंस भरवीत. भाऊंस ती फार आवडे. तोंड वाकडे, शब्द अर्धे, तरी वर कुदळीचा आवाज आला की पुसत, "काय लावतायत गं आज?" आणि कुमुदबाई काहीतरी सांगत, दुधी म्हणत, मुळा म्हणत, आणि ते हसत. दिवसभरात त्यांस वरचे तेवढेच ऐकू येई.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ लागला, आणि पाऊस दिवसरात्र पडो लागला, आणि ती सर्व माती पाणी पिऊन बसली. आतील खोलीच्या छतास ओल धरली, मग रेघ पडली, मग रेघेत बोट जाऊ लागले, आणि एके दुपारी भाऊंच्या ताटात गिलावा पडला. वरणभात टाकावा लागला. कुमुदबाई तशाच उठून राजियांकडे गेल्या. तात्काळ सभा भरली, आणि सर्वांनी वर जाऊन छत पाहिले, आणि सर्वांस खरेच वाईट वाटले, हे नमूद केले पाहिजे, कारण मनुष्ये दुष्ट नव्हती. कुमुदबाई म्हणाल्या, "शेत बंद करा म्हणत नाही मी. माती तेवढी कमी करा. ह्यांना हलवता येत नाही मला." राजे बोलिले, "काकू, बोलायची गरजच नाही. उद्याच्या उद्या कमी करू." सर्वांनी मान डोलाविली. मग कोणीतरी पुसिले, "कोणाची?"

तेथून जे भाषण जाहाले ते चार घटका चालले. खानविलकर म्हणाले, "आमची तांबडी हलकी हो. पाणी धरतच नाही, सगळं निथळून जातं. वजन आहे ते काळ्या मातीचं." तेव्हा वानखडे, जे कधी बोलत नसत, ते उभे राहिले. म्हणाले, "आमची माय गेली तेव्हा वावर भावानं इकून टाकलं. इकायच्या आधी ही भरून आणली मी. ही नाही फेकत मी. बाकी काही सांगा." मग राजियांनी हुकूम केला की सर्वांनी सारखी काढावी, तर सारखी म्हणजे वजनाने की घमेल्याने हा वाद निघाला. मग ज्याने जास्त आणिली त्याने आधी काढावी असे ठरले, तर ते राजेच निघाले, आणि राजे म्हणाले, "मी काढतो की. पण मी काढायची अन् तुम्ही तसंच बसायचं, असं नको. आधी दुसऱ्या कुणी सुरुवात करा, लगेच मागून मी." कुमुदबाई दाराशी उभ्या होत्या. त्या पुन्हा म्हणाल्या, "कुणाची का असेना, काढा ना." तो एक बाई मागून हळूच बोलली, "काकूंना काय, त्यांची आहे कुठं वर माती." दोघेतिघे हसले. कुमुदबाई जिना चढून गेल्या. शेवटी ठराव जाहाला की गणपती झाल्यावर, पाऊस ओसरता, सर्वांनी मिळून एके रविवारी विचार करावा.

मग कुमुदबाईंनी काय केले, दुसरे दिवशी सकाळी पदर खोचिला आणि घरातील घमेले घेऊन आपणच गच्चीवर गेल्या. वय सत्तरीचे. पहिले घमेले भरून जिन्याने खाली आणिले आणि अंगणात ओतिले, आणि दुसरे भरीत असता राजियांच्या सूनबाईंनी पाहून आरडाओरड केली, आणि राजे धावत वर आले. म्हणाले, "काकू, अहो हे काय! ती माती आमच्या गावची आहे. विचारायचं तरी!" कुमुदबाई म्हणाल्या, "विचारलं होतं." राजे ओशाळले, परंतु बाकीचे जमले होते आणि त्यांच्यासमोर आपलीच माती आधी गेली असे दिसणे त्यांस सोसेना. घमेले हातातून घेतले, परत वाफ्यात रिचविले, आणि म्हणाले, "तुम्ही पडलात-बिडलात तर कोण निस्तरणार?" आणि गच्चीच्या दारास कुलूप घातिले. कुलूप कुमुदबाईंच्या काळजीने घातले असे सर्वांस सांगण्यात आले, आणि आश्चर्य हे की सर्वांस ते पटले. त्या सायंकाळी मेथीच्या दोन जुड्या आल्या. कुमुदबाईंनी दार उघडले नाही.

श्रावण शुद्ध पक्षी, एके सकाळी, कुमुदबाई दूध आणावयास खाली उतरल्या. फाटकापाशी असता वर मोठा आवाज जाहाला आणि धूळ उडाली, आणि त्यांनी मान वर केली तो पश्चिमेच्या अंगास आपली खिडकी दिसेना. गच्ची वाफ्यांसकट आतील खोलीत उतरली होती. कुमुदबाई जिन्याकडे धावल्या, तो चौघींनी त्यांस धरून ठेविले, आणि त्या ओरडत होत्या, "ते एकटे आहेत वर! कुणीतरी जा ना!" बंबवाले आले, आणि त्यांचा म्होरक्या पाहणी करून म्हणाला, "उरलेलं छत पण येतंय खाली. वरची माती उतरवल्याशिवाय माझी माणसं आत जाऊ शकत नाहीत. घमेली आणा, बादल्या आणा, हात लावा सगळ्यांनी." आणि मग जे घडले ते लिहिताना लेखणी जड होते. जवान गच्चीवर, आणि जिन्यात खालपासून वरपर्यंत रयत, हाताला हात लावून, घमेल्यामागे घमेले, तांबडी आली, काळी आली, बरड आली, चिखल होऊन एकात एक मिसळून आली, आणि कोणी कोणाची म्हणून पुसिले नाही. खानविलकरांनी काळी उचलिली, राजियांनी तांबडी उचलिली, वानखडे रडत होते आणि उचलीत होते. सूर्य माथ्यावर येण्याआधी गच्ची झाडून पुसून मोकळी जाहाली. मग जवान आत गेले आणि भाऊंस काढिले. प्राण सकाळीच गेला होता. नाकातोंडात माती होती.

कुमुदबाई जिन्याच्या पायथ्याशी बसून सर्व पाहात होत्या. राजे चिखलाने माखलेले, घमेले हातात तसेच, त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. कुमुदबाईंनी एकवार अंगणातल्या ढिगाकडे पाहिले, एकवार त्यांच्याकडे, आणि पुसिले, "एवढंच काम होतं?"

पुढे महापालिकेने इमारत रिकामी करविली आणि रयत शहरात जिकडे जागा मिळाली तिकडे भाड्याने पांगली. कुमुदबाई एका भाचीकडे गेल्या, पुढील वर्तमान कळले नाही. एणेप्रमाणे ते राज्य दोन पावसाळे शेती करून मोडले. घडले तितके लिहिले, वाढविले नाही, झाकिले नाही. भाजी उत्तम होत असे, तेही खरे, म्हणून लिहिले.