खवल्या मांजराची पक्की नोकरी

एका जंगलात, मोठ्या वणव्यानंतरच्या अकराव्या वर्षी, पानगळ संपून मोहाची फुले गळू लागली तेव्हा, कबड्डीचा संघ सलग अठरा सामने हरला होता. मुलांनो, हसू नका. अठरा सामने हरायला मेहनत लागते.

ही मेहनत धोंडू नावाच्या खवल्या मांजराची. तो संघाचा व्यवस्थापक. खेळाडू तोच निवडायचा. चढाईला त्याने बेडूक घेतला, कारण बेडकाचा दम तुटत नाही. बेडूक पलीकडे जाऊन बसायचा आणि कबड्डी कबड्डी म्हणत राहायचा. कोणाला शिवायचा नाही. पकडीला साळिंदर घेतले. साखळी करताना त्याचा हात कोणी धरत नसे.

"धोंडू, हा काय संघ म्हणायचा?" वानरे विचारायची.

धोंडू अंगाचा गोळा करायचा. गोळ्याला कोण काय विचारणार?

पण आत त्याला नोकरीची काळजी असायची. नोकरीबरोबर त्याला मैदानाच्या कडेचे वारूळ मिळाले होते. त्यातल्या मुंग्यांवर त्याचे पोट चालायचे. नोकरी गेली की वारूळ गेले.

संघाचा मालक गजबा हत्ती. बडतर्फीचा हुकूम त्याने पाचव्या पराभवालाच सागाच्या पानावर लिहून कानामागे खोचला होता. देता मात्र येत नव्हता. पूर्वी एकदा त्याच्या सोंडेत मुंग्या शिरल्या होत्या. धोंडूने आपली लांब जीभ घालून सगळ्या काढल्या. आणि त्या जंगलाची रीत अशी, की ज्याचे उपकार अंगावर आहेत त्याला काढायचे नाही. आधी फेडायचे, मग काढायचे.

गजबा फेडायला टपलेलाच होता.

"धोंडू, ऊस घे."

"नको आबा. मला दात नाहीत."

"मग पाठीवर बस. नदीपार फिरवून आणतो."

"तिकडे माझं कोण आहे?"

"अरे, काहीतरी घे की."

"तुमचा लोभ आहे, तेवढा पुरे."

गजबा रागाने एक झाड मोडायचा आणि घरी जायचा. मैदानाभोवती आता सावली उरली नव्हती.

एकोणिसावा सामना नदीपलीकडच्या लांडग्यांशी होता. लांडगे येताना वाटेत पोटभर मोहाची फुले खाऊन आले. बेडूक नेहमीसारखा पलीकडे जाऊन बसला. त्याची कबड्डी कबड्डी ऐकून झिंगलेल्या लांडग्यांना झोप आली. सातही जण एकेक करून त्याला टेकून आडवे झाले. सगळे शिवले गेले. बेडकाने उडी मारून रेषा गाठली. संघ जिंकला.

वानरांनी धोंडूला खांद्यावर घेतले. कौतुकाची त्याला सवय नव्हती. त्याने अंगाचा गोळा केला. गोळा खांद्यावरून निसटला, उतारावरून गडगडला आणि जुन्या खोल खड्ड्यात पडला.

गजबा धावत आला. त्याने सोंड आत सोडली.

"धर धोंडू."

धोंडूने वर पाहिले. सोंड दिसली. सोंडेमागे कान दिसला. कानामागे पान दिसले.

"राहू द्या आबा. मी इथे बरा आहे."

"उपाशी मरशील."

"संघ इथूनही सांभाळता येतो."

त्याने पुन्हा अंगाचा गोळा केला. पण गोळा उचलायला सोपा असतो. गजबाने सोंडेचा वेढा घातला, त्याला वर काढले आणि अलगद वारुळाशेजारी ठेवले. मग पान काढून त्याच्यापुढे ठेवले.

"फिटले," गजबा म्हणाला.

तात्पर्य: नोकरी टिकवायची असेल तर साहेबाच्या नाकातल्या मुंग्या काढून द्याव्यात, आणि संघाला चुकूनही जिंकू देऊ नये.