नानूकाकांनी धरलेली खाट

आमच्या झाई गावात मोबाइलवर आलेल्या मेसेजचा अर्थ लावायचा मान नानूकाकांचा. त्यांना वाचता येत नाही, पण त्याने त्यांचं काही अडत नाही. मी शेजारीण, चौथी शिकलेली. ते मला ओट्यावर बोलावतात, फोन हातात देतात आणि जाळं विणता विणता सांगतात, "तू नुसती अक्षरं वाच गो मंजू. अर्थ मी लावतो."

एकदा सरकारी विम्याचा मेसेज आला. यादीत नाव असेल त्या कुटुंबाला दवाखान्यात फुकट उपचार. काका म्हणाले, कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. झालं, ऐन जेवणाच्या वेळी टपकणारा त्यांचा मेहुणाही विम्यात बसला. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना पाठवा. काकांनी तो मासळीच्या व्यापाऱ्याला पाठवला. त्याच्याकडून उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. काका खूश. अंगठा उठला म्हणजे मंजूर.

विम्याची गरज खरी होती. काशीकाकीच्या पित्ताशयात खडे होते आणि ती ऑपरेशनला नाहीच म्हणत होती. त्यात एक फोटो आला, दवाखान्यात जमिनीवर झोपलेल्या माणसांचा. कुठल्या मुलखातला, कोण जाणे. काकांनी अर्थ लावला, खाटा संपत आल्या.

दुसऱ्या दिवशी पाट्या वाचायला मला घेऊन ते दवाखान्यात गेले. एसटीत जागा धरायला खिडकीतून टाकतात, तसा खांद्यावरचा टॉवेल त्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर टाकला.

सिस्टरने विचारलं, पेशंट कुठे आहे?

"घरी. जागा धरलीय."

मी लाजून पाटी वाचत राहिले. पाटीवर 'शांतता राखा' एवढंच होतं.

सिस्टरने टॉवेल परत दिला. पेशंटला घेऊन या, रेशनकार्ड आणा, यादीत नाव बघू, खाटेचं मग, असं समजावलं. काका हटेनात. हीच खाट पाहिजे. खिडकीचाच हट्ट कशाला, असं तिने विचारल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"माणसं बघत असली तर ती दुखणं गिळते. खिडकीकडे तोंड करून रडली, तर लोकांना वाटेल बाहेर बघतेय."

सिस्टरने खिडकीकडे पाहिलं. म्हणाली, "आणा त्यांना. बघते मी."

घरी आल्यावर काकीने मला विचारलं, तिथे कसं आहे. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "खिडकी आहे. मी बाहेर बसेन."

 काकी उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली.