मानोजीअण्णांचे अकरा फोन

माझ्या घरी पाणी आलं नाही, की मी जिन्याच्या आठ पायऱ्या उतरते आणि वळणावर टांगलेल्या लाल डब्याचा रिसीव्हर उचलते. पूर्वी किराणा दुकानांबाहेर असायचा तसला, रुपया टाकून बोलायचा फोन. दोन आकडे दाबते. खाली गाडीच्या शेडमध्ये माझे घरमालक मानोजीराव लाड माझ्याकडे पाठ करून बसलेले असतात. आमच्यात फार तर दहा फुटांचं अंतर. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजतो. ते स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतात, हात पुसतात आणि तिसऱ्या घंटीला उचलतात.

"हॅलो. बोला, लाइन चालू आहे."

मी नाणं टाकते. "अण्णा, पाणी नाही."

"कोण बोलतंय?"

"मी. वरची."

"हां, पुणे. स्वल्प धरा." मी पुण्याहून आले, म्हणून त्यांच्यासाठी 'पुणे'.

मग ते उठतात आणि मोटरकडे जाताना माझ्या अगदी जवळून जातात. माझ्याकडे बघत नाहीत. मी रिसीव्हर कानाला लावून उभी. मोटर सुरू होते, ते परत येऊन बसतात आणि मला फोनवर कळवतात, "मोटर चालू केली."

"थँक्यू, अण्णा."

"सरी." सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं; अण्णांच्या मराठीत असे कानडी शब्द येतातच.

सुरुवातीला एकदा मी थेट शेडमध्ये जाऊन गीझर बंद पडल्याचं सांगितलं होतं. अण्णा कानापर्यंत लाल झाले, माझ्या चपलांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "फोन करा." मी वर गेले आणि फोन केला. त्यावर त्यांनी गीझरची पंधरा मिनिटं माहिती दिली, दोन विनोद केले आणि माझ्या आईची चौकशीही केली.

मला याचं हसू येत नाही, कारण मी याच्या बरोबर उलटी आहे. माझा मोबाइल वाजला की मी तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज करते, 'काय काम होतं?' त्यामुळे अण्णांशी बोलताना आम्हा दोघांपैकी एकाला नेहमी त्रास होतो. बहुतेक वेळा मलाच.

जे. पी. नगरमध्ये घर शोधत होते तेव्हा इतर मालकांनी मला काय खाता, कोण येणार-जाणार, लग्न कधी, असं सगळं विचारलं. अण्णांनी काही विचारलं नाही. एक चावी दिली आणि काडेपेटीत घालून पाच जुने, मोठे रुपये दिले. "नवी छोटी नाणी यात चालत नाहीत. ही जपा. चावी हरवली तर दुसरी करून घेता येते." समोरासमोर ते माझ्याशी इतकं सलग पुन्हा कधी बोलले नाहीत.

लाडांचं मराठी घराणं या कानडी मुलखात किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. अण्णांची नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासायची होती. चौतीस वर्षं गप्प बसायचा पगार मिळाला, असं ते म्हणतात. फोनवर म्हणतात, अर्थात. निवृत्त झाल्यावर पहिला फोन आणला आणि आता अकरा आहेत. प्रत्येकाला तो जिथून आला त्या जागेचं नाव. शेडमधून ऐकू येणारी वाक्यं नव्या माणसाला घाबरवतात. "देवनहळ्ळीच्या घशात काहीतरी अडकलंय." "यशवंतपुराला आज उन्हात ठेवलंय."

देवनहळ्ळी त्यांना एका पेरूच्या बागेत सापडला. बागेचे प्लॉट पडत होते आणि राखणदाराच्या झोपडीत या फोनवर कोंबडी बसत होती. घासून, धुऊन, रंगवूनही पहिले काही महिने त्यात बोलणाऱ्याला शिंका यायच्या. के. आर. पुरम त्यांनी पोत्यात घालून बसने आणला. कंडक्टरने पोत्याकडे बोट करून विचारलं, काय आहे? अण्णा म्हणाले, "के. आर. पुरम." कंडक्टरने तिथलंच तिकीट फाडलं. बस के. आर. पुरमहूनच येत होती, पण समोरासमोर खुलासा करण्यापेक्षा अण्णांनी ते तिकीट मुकाट्याने घेतलं.

पितळी भाग ते चिंचेने घासतात, त्यामुळे स्वयंपाकघरातली चिंच टिकत नाही. गंज रॉकेलमध्ये भिजवून काढतात. एका दुपारी माझ्या जिन्यातला फोन वाजला आणि बराच वेळ घसा खाकरून अण्णांनी विचारलं, "पुणे, तुमच्याकडे ते असतं का, नखांचं? लाल?" एका डब्याला ओरखडा गेला होता. मी बाटली पायरीवर ठेवून आले. ती परत आली तेव्हा तिच्याभोवती रबर बँडने एक वेलची केळं बांधलेलं होतं.

त्यांची बायको सरोजअक्का. बुटकी, गोल चष्म्याची, आवाजाने दणदणीत. लग्न ठरलं तेव्हा अण्णा मुलगी बघायला गेले आणि तीन शब्द बोलले, त्यातला एक 'पाणी' होता. मग रोज संध्याकाळी छापखान्याजवळच्या डब्यावरून ते अक्कांच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचे. "काय बोलायचे गं," अक्का सांगतात. "मी हसून हसून त्यांच्या सोफ्यावर लोळायची. फोनवरच्या माणसाशी लग्न केलं आणि घरी दुसराच आला."

तो पहिला माणूस परत मिळावा म्हणून म्हणा, निवृत्तीनंतर शेड ते स्वयंपाकघर अशी लाइन टाकली गेली. दिवसातून तीन फोन ठरलेले. सकाळी साडेदहा, जेवणाआधी आणि चहाच्या वेळी. अण्णा एरवी घरात एक शब्द बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते या तीन फोनांत.

आणि नेमके अक्कांचे कान जायला लागले.

मी राहायला आले तेव्हा डावा गेलेलाच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवाही जाणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही. कानातलं यंत्र आणलं. अक्कांनी ते दोन दिवस लावलं आणि मोहरीच्या डब्यात टाकलं. "कुकरची शिटी मेंदूत जाते आणि हे बोलले की किडा चावल्यासारखं वाटतं." मग अण्णांनी ते काम आपल्याकडे घेतलं. घंटी ऐकू येईना म्हणून फोनवर दिवा बसवला. फोन आला की दिवा लागतो. रिसीव्हरमधला आवाज वाढवला. तो पुरेना, तेव्हा दुसऱ्या डब्याचा रिसीव्हर बसवला, मग तिसऱ्याचा. अकरा फोन का, याचं खरं उत्तर हे होतं. छंद वगैरे मागे पडलं होतं. अक्कांचा कान एक पायरी उतरला की अण्णा आवाज एक पायरी चढवत होते, आणि आता वरच्या पायऱ्या संपत आल्या होत्या.

दिवाळीनंतर मी फराळाचा डबा परत द्यायला स्वयंपाकघरात गेले होते. साडेदहा झाले, दिवा लागला. अक्कांनी रिसीव्हर उचलला. "हं. येतंय ऐकू. सरी. हो, हो. दीड वाजता." ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला दसऱ्यापासून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ह्यांना सांगू नको."

हे गुपित त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की मी आधी खिडकी लावली.

मग मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर धरलं, 'का नाही सांगायचं?'

"सांगितलं तर उद्यापासून ते काय करतील? कुठे बसतील?" अक्का अर्धवट निवडलेली पालेभाजी परत निवडायला लागल्या. "दिवा लागतो, मी हं म्हणते. पन्नास वर्षं झाली, ह्यांचं काय असणार ते मला माहीत नाही का? पाऊस येणार, मोटर तापली, चिंच संपली."

आम्ही बराच वेळ बोललो. त्या ओरडत होत्या, मी लिहीत होते. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सोपं संभाषण होतं, आणि घरी आल्यावर मला कशातच लक्ष लागेना.

खाली अण्णांनी के. आर. पुरम उघडला होता. तो सगळ्यात मोठा, सगळ्यात खणखणीत. त्यांनी त्याच्यासाठी कुठून तरी मोठा स्पीकर आणला होता. रोज त्यांची वाकलेली पाठ बघत मी ऑफिसचं काम करायची. जाऊन सांगावं, अण्णा, पुरे करा. पण सांगायचं म्हणजे रिसीव्हर उचलायचा, आणि तेवढं धैर्य मला नव्हतं. अक्कांना शब्द दिला होता, हे कारण त्या मानाने बरं दिसत होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी के. आर. पुरम स्वयंपाकघरात टांगला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी जिन्यातला फोन वाजला. "पुणे, जरा खाली येता का? टॉर्च धरायला. डोळ्यांना दिसत नाही." त्यांनी मला खाली बोलावण्याची ही पहिलीच वेळ. शेडमध्ये रॉकेलचा आणि चिंचेचा वास होता. त्यांनी दोन तारा पिळल्या, झाकण लावलं आणि आकडे दाबले.

घरातल्या स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला. तो फोनशिवायही ऐकू येतो. "हं. येतंय ऐकू. सरी."

अण्णा बोलायला लागले होते. रुपया त्यांच्या डाव्या मुठीत तसाच होता.

हे फोन असे आहेत की नाणं पडेपर्यंत पलीकडचं आपल्याला ऐकू येतं, आपलं पलीकडे जात नाही. त्यांनीच मला हे शिकवलं होतं, तेही तीनदा. मी हळूच म्हणाले, "अण्णा, नाणं टाकायचं राहिलं."

त्यांनी फोनवर हात ठेवला. माझ्या चपलांकडे बघितलं.

"राहिलं नाही," ते म्हणाले.

मग थांबत थांबत, तोंडाने, समोरासमोर, त्यांनी सांगितलं. दसऱ्यानंतर एकदा घाईत नाणं टाकायला विसरले होते. पलीकडे काहीच पोचलं नव्हतं. तरी अक्का म्हणाल्या, येतंय ऐकू, सरी, दीड वाजता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम टाकलं नाही. तेच उत्तर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

"तिला सांगू नका," अण्णा म्हणाले. "ती दिवसातून तीनदा हातातलं काम टाकून येते."

मी मान हलवली. मग, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "पण नाणं का टाकत नाही?"

त्यांनी मूठ अजून घट्ट केली. "न जाणो. एखादा शब्द पोचला तर."

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "बोला की, ऐकतेय."

अण्णांनी हात काढला आणि रिसीव्हर तोंडाशी घेतला. मी टॉर्च बंद करून भिंतीकडे वळले. निघून जायला हवं होतं, पण शेडचं दार त्यांच्या खुर्चीमागे होतं. ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, मोटर चालू केल्याचं सांगतात तसं.

"सरू, रात्री तू उठतेस तेव्हा मी जागाच असतो. तू परत येऊन पडेपर्यंत मला झोप लागत नाही. तुला हे कधी सांगितलं नाही. तू आधी गेलीस तर मला घरात कुठे बसायचं ते कळणार नाही. या शेडमध्येही नाही."

तिकडे अक्का बहुधा अंदाज घेत होत्या, एवढ्या वेळात बोलून झालं असेल का.

"हं," त्या ओरडल्या. "सरी. चित्रान्न केलंय, गरम आहे तोवर या."

अण्णांनी रिसीव्हर ठेवला. नाणं शर्टाच्या खिशात टाकलं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून नुकतंच लावलेलं झाकण पुन्हा उघडायला घेतलं.

"टॉर्च धरा," ते म्हणाले. "आवाज अजून स्वल्प वाढवून बघू."