धोका आहे, पण कुणाला?

आमच्या शेजारचे नाना टिपणीस कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत, मग यजमानाकडे. छत पसंत पडलं तरच बसत. नोकरी बांधकाम खात्यात. पण कचेरी सुटली तरी त्यांची तपासणी सुटत नसे.

"धोका तर आहेच," ते म्हणत, "जोखीम कुणाला, ते बोला."

गल्लीत एक सांड होता. त्याला बघून लोक दुकानांत शिरत. नानांनी ओट्यावर बसून त्याचा अभ्यास केला आणि निकाल दिला, की हातात भाजी-फुलं असतील त्याच्याच अंगावर तो जातो. "मास्तर, तुमचे हात रिकामे. बेफिकर जा." मी जीव मुठीत धरून गेलो. सांडानं मानही वर केली नाही. तेव्हापासून मी नानांना मानायला लागलो.

माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी बोहल्यावर टांगलेली गॅसबत्ती पाहिली आणि ऐन मुहूर्तावर नवरा-नवरीला पाटांसकट बाजूला सरकवलं. गुरुजी भडकले. बत्ती मात्र पंगती उठेपर्यंत जागची हलली नाही. सगळे हसले, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "पडली नाही म्हणजे धोका नव्हता, असं थोडंच आहे?"

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत हे आमचं राज्यच गेलं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. नानांना तिथं बढती होती. त्यांनी ती नाकारली. आहे ती नोकरीही जाईल, असं साहेबांनी बजावलं, तरी ऐकेनात. भोपाळचं छत पसंत पडलं नसणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

त्याच सुमारास एका पहाटे मी क्षिप्रा नदीवरच्या राम घाटाकडे निघालो होतो. पुढे नानांच्या सासूबाई होत्या, हातात फुलांची परडी. नानांची बायको केव्हाच गेलेली. म्हातारीला जावयाशिवाय कुणी नव्हतं. दिसायचं कमी, पण क्षिप्रेचं स्नान चुकवायची नाही आणि कुणाचा हातही धरायची नाही. सांड पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी नुकताच टाकलेला कडबा खात होता. नालीवर नवी फरशी होती. घाटावरचं शेवाळ एकाच पट्ट्यात, थेट पाण्यापर्यंत, घासून काढलेलं होतं. आणि तिच्या मागे, चाहूल लागणार नाही इतक्या अंतरावर, अनवाणी नाना. मला त्या माणसापुढे फार लहान वाटलं.

जवळ जाऊन मी हळूच विचारलं, "नोकरी गेली तर?"

"धोका आहे," पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "पण तो मलाच."

म्हातारीनं बुडी मारली. ती वर येईपर्यंत नानांनी श्वास घेतला नाही.