रुमालाने धरलेली जागा

नंदू मयेकर एसटीत चढला की आधी रुमाल गोळा करतो.

रत्नागिरी स्टँडवर राजापूरची गाडी लागायचा अवकाश, लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, छत्र्या आत फेकून जागा धरतात. एकदा एका आजींनी अळूची जुडी फेकली होती. नंदू शांतपणे दाराने आत जातो, समोरच्या सीटवरचा रुमाल दोन बोटांत उचलतो आणि मालक धापा टाकत वर आला की अदबीने त्याच्या हातात ठेवतो.

“तुमचा रुमाल पडला होता.”

“पडला नव्हता ओ, टाकला होता! इथे माणूस आहे.”

“कुठे आहे? मला तर रुमालच दिसला,” असं म्हणून हा ठाण मांडून बसतो. एकदा एकाने कंडक्टरकडे तक्रार केली. कंडक्टर हात जोडून म्हणाला, “दादा, माझी सीट घ्या, पण डॉक्टरांच्या नादी लागू नका. मागे त्यांनी कोर्टाचा निकाल सांगायला घेतला, तो पाली गाव मागे पडलं तरी संपेना.”

नाट्यगृहात याने खुर्चीवरची एक पर्स उचलून शेजारी ठेवली. पर्सच्या मालकीणबाई निघाल्या न्यायाधीश. नंदू म्हणाला, “मॅडम, तुमच्याच लोकांनी सांगितलंय, जागा रिकामी असली तरी उशिरा येणाऱ्याला ती मिळत नाही.” बाई हसल्या आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. मध्यंतरात त्यांनी मला हळूच विचारलं, “यांची कोणती केस होती हो?”

केस होती. तीच सांगायला बसलोय. रुमालांचं एवढ्यासाठी सांगितलं, की मुद्द्यावर यायचं मी बरीच वर्षं टाळत आलो आहे.

नंदू माझा शाळेपासूनचा मित्र. मांडवीच्या रस्त्याला त्याचा दवाखाना आहे. एम.बी.बी.एस., आणि त्यापुढे काही नाही. त्या ‘काही नाही’चं एक नाव होतं, बालरोग. एम.बी.बी.एस. झाल्यावर पदव्युत्तर प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीत त्याला मुंबईच्या एका कॉलेजात बालरोगाची जागा मिळाली. ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात जाऊन उभं राहायचं होतं. तो पोचला दुसऱ्या दिवशी. मग तो कोर्टात गेला. वकील म्हणाला, जागा रिकामी आहे, दुसरं कुणी मागत नाही, द्यायला काय हरकत आहे? कोर्टाने सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, मुदत म्हणजे मुदत. जागा रिकामी राहते म्हणून ती वाढवता येणार नाही. ती जागा मग तशीच राहिली, अभ्यासक्रम संपेपर्यंत.

दुसरा कुणी असता तर कोर्टाच्या नावाने खडे फोडत बसला असता. नंदू त्या निकालाचा वकील झाला. अजूनही दरवर्षी एखाद्या कोर्टाने अशा डॉक्टरांचा अर्ज फेटाळला की तो बातमी दवाखान्यात मोठ्याने वाचतो. बाकावरची मिरकरवाड्याची मावशी वैतागते, “डॉक्टरांनू, ता कोर्टाचा ऱ्हाऊ दे, माझ्या गुडघ्याचा सांगा.”

“मावशी, रोज एकेक पोरगा उशिरा यायला लागला तर मास्तरांनी शिकवायचं कधी?”

“माझो गुडघो कॉलेजात जायचो नाय.”

लहान मूल आणलं तर मात्र त्याची बडबड थांबते. नीट तपासतो, बरोबर निदान करतो, आणि चिठ्ठी देतो दुसऱ्या डॉक्टरची. “बालरोगवाल्याला दाखवा. मी त्यातला नव्हे.” मूल बाहेर गेल्यावर दाराकडे बघत बसतो थोडा वेळ. लग्न त्याने केलं नाही. विचारलं की म्हणतो, “मुदत गेली.”

एकदा मीच त्याला म्हटलं होतं, “तुला राग कसा येत नाही रे?” तर म्हणाला, “बाळ्या, निकाल बरोबर होता म्हणून बरं आहे. चुकीचा असता तर जन्मभर कुणावर तरी रागावून राहावं लागलं असतं.” हे ऐकून मी दुसरा विषय काढला.

कारण त्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस हा माझ्या लग्नाचा दिवस होता. राजापूरला. नंदू आदल्या दिवशीच मुंबईला निघत होता. मीच अडवला. “तू मागे उभा नसलास तर मी बोहल्यावर चढायचा नाही. कॉलेजच्या ऑफिसात माझा आत्तेभाऊ आहे. त्याला फोन करून ठेवतो, एक दिवस जागा धरील.” फोनच्या बूथपर्यंत गेलोही. रांग होती. मांडववाला हाका मारत होता. म्हटलं, नंतर करू. परत आलो तर नंदूने विचारलं, “बोललास?” मी म्हटलं, “बोललो. जागा धरलेय.”

तो फोन मी केलाच नाही. केला असता तर आत्तेभावाने शिव्या घालून सांगितलं असतं, आधी त्याला गाडीत बसव. पुढे नंदूला वाटत राहिलं, की आत्तेभावाने शब्द दिला पण नियमापुढे त्याचं काही चाललं नाही. मी वाटू दिलं.

यंदा माझ्या मुलीला, मनवाला, त्याच कॉलेजात भूलशास्त्राची जागा मिळाली. तीही शेवटच्या फेरीत. मुदतीला अजून अवकाश होता, पण नंदूने दवाखान्याला कुलूप लावलं आणि आम्हा दोघांना त्याच दिवशी मुंबईला नेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दारात. झाडूवाल्या बाईने त्याला पाय वर घ्यायला लावून झाडलं. “काका, तुमचा प्रवेश आहे काय?” ती म्हणाली. नंदू हसला.

मनवा कागद घेऊन आत गेली. बाहेर बाकावर आम्ही दोघे. तो दाराकडे टक लावून होता, आणि मला ते बघवेना. मी सांगून टाकलं. फोनचं, बूथचं, सगळं.

त्याने एवढंच विचारलं, “रांग मोठी होती?”

“नाही.”

तो उठला आणि निघून गेला.

मनवा हसत बाहेर आली. “झालं, बाबा! काका कुठायत?” तिला तिथेच बसवलं आणि मी जिने चढत, दारांवरच्या पाट्या वाचत हिंडलो. बालरोग विभाग कुठे आहे, हे शेवटी एका नर्सला विचारलं.

तिथली व्याख्यानाची खोली उघडीच होती. वर्ग सुरू व्हायचे होते. रिकाम्या बाकांमध्ये, दुसऱ्या ओळीत, पन्नाशीचा नंदू पाठ ताठ करून फळ्याकडे बघत बसला होता. फळा कोरा होता. शेजारच्या जागेवर त्याचा रुमाल होता.

मी दारातच थांबलो. त्याने मान वळवली नाही.

“उशीर केलास,” तो म्हणाला.

“मुदत गेली?”

“केव्हाच. कोर्टात गेलास तर हरशील.” मग म्हणाला, “मघाशी शिपाई बसायला आला होता इथे. त्याला म्हटलं, इथे माणूस आहे.”

मी ओळीत शिरलो आणि रुमाल उचलला. तो ओला होता. मी त्याची घडी घातली, नंदूच्या हातात दिली, आणि बसलो.