कुंदाचे दोन कौल

कुंदा साळवे कुठलाही निर्णय दोनदा घेते. एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरल्या पोटी. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते खरं, नाहीतर विषय आठवडाभर बाजूला. "भुकेला माणूस घाई करतो नि जेवलेला आळस करतो. दोघांचं पटलं की निघायचं," असं तिचं म्हणणं.

फ्रिज घ्यायला ती सकाळी चहासुद्धा न घेता दुकानात गेली, सगळे फ्रिज उघडून पाहिले, समोरच्या हॉटेलात थाळी जेवली आणि परत गेली. सेल्समनला वाटलं, बाईंची पर्स राहिली.

मुलुंडला ती आमच्या समोरच्याच दारात राहायची. एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, वय चौपन्न, एकटी. मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे अक्कल शिकवायचा अधिकार कागदोपत्री माझा. पण माझ्याकडे लोक यायचे ते टाकीत पाणी नाही म्हणून. सल्ला हवा असला की माझं दार सोडून तिची बेल वाजवायचे. मला त्याचा त्रास व्हायचा. चांगलाच व्हायचा.

वॉचमन तिवारींना काढून कॅमेरे बसवायचे का, यावर मीटिंग होती. मी सात पानांचं टिपण केलं होतं. रविवारी भर दुपारी साडेबारा वाजता मी मत विचारलं, तर कॅमेऱ्यांसाठी भराभर हात वर झाले. तेवढ्यात कुंदा उठली. "मी वडे मागवलेत. खाऊन घेऊ, मग परत हात वर करू." लोक हसले, पण खाल्ले. प्लेटा कमी पडल्या म्हणून माझ्या टिपणावर घेऊन खाल्ले! दुसऱ्या खेपेला निम्मे हात खालीच. तिसऱ्या मजल्यावरचे परब बोट चाटत म्हणाले, "आमच्या आईला चक्कर आली तेव्हा तिला जिन्यातून वर कोणी आणलं? कॅमेरा आणणार होता काय?" तिवारी राहिले. चांगलंच झालं म्हणा, पण बोलायचं ते मी, आणि टाळ्या हिला?

हेही मी गिळलं असतं. पण एका सकाळी आमच्या नवऱ्याने, सुरेशने, पोह्यांची डिश न खाताच बाजूला सरकवली.

"काय रे, पोट बिघडलं?"

"नाही गं. लवकर रिटायर व्हावं का, त्याचा विचार करतोय."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या माणसाने मला कधी पडद्याचा रंग विचारला नाही. मी डिश उचलून आत नेली आणि पोहे उभ्या उभ्या स्वतः खाल्ले.

मग एका रविवारी दुपारी कुंदाच आमच्याकडे आली. सुरेश बाहेर गेला होता. ती सोफ्याच्या कडेला टेकली.

"नीता, एक विचारायचंय."

"मला?"

तिच्या शाळेतून रिटायर झालेले एक चित्रकलेचे मास्तर होते. सांताक्रूझला राहणारे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं.

"उपाशीपोटी हो येतंय. जेवल्यावरही हो."

"मग झालं की!"

"पंधरा दिवस तेच येतंय गं, तरी फोन करवत नाही. चौपन्न वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. ते आवडतायत, की कोणीतरी विचारलं एवढंच आवडतंय, तेच कळत नाही."

बिल्डिंगच्या शंका मिटवणारी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तरी माझ्या तोंडून निघालंच, "मग माझ्याकडे का आलीस? एवढे भक्त आहेत तुझे."

"ते मला बरं वाटेल तेच बोलतील. तू माझ्यावर जळतेस. तू खरं बोलशील."

मी उठले. आत जाऊन पाणी आणलं.

"बरं, सांग. ते समोर नसले की त्यांचं काय आठवतं?"

तिने बोटावरचा पदर सोडवला. "गेल्या महिन्यात जुहूला भेळ खाल्ली. बोलता बोलता माझ्या भेळेतल्या मिरच्या वेचून स्वतःच्या कागदावर घेत होते. मला तिखट चालत नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. शाळेत डब्यातल्या मिरच्या बाजूला काढताना पाहिलं असणार." आणि ती रडायलाच लागली. "माझ्याकडे कोणी इतकं बघत असेल, असं मला वाटलं नव्हतं."

"कर फोन," मी म्हटलं. "इथे, माझ्यासमोर."

तिने केला.

लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. मास्तर उंच, बारीक, भलतेच लाजरे निघाले. ते तिच्याच तोंडाकडे बघत होते, त्यामुळे सही चुकीच्या रकान्यात केली.

मुलुंडहून सांताक्रूझ काही लांब नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोर कुलूप दिसतं. इतकी वर्षं कुंदावर जळायची सवय होती. आता पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहते आणि त्या मास्तरांवर जळते.